इकडचे सुख, तिकडचे सुख : माळवा आणि महाराष्ट्र

माळव्यातील मराठी घरांत एक वाद पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे. सुख इकडे अधिक की तिकडे? 'तिकडे' म्हणजे महाराष्ट्रात, आणि बहुधा पुण्यात. 'इकडे' म्हणजे इंदूर, देवास, धार, उज्जैन येथे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याची मंडळी आली, किंवा नोकरीनिमित्त पुण्यास गेलेला मुलगा आईवडिलांना 'आता इकडेच या' म्हणू लागला, की हा वाद नव्याने पेटतो. तिकडचा पक्ष नाटके, ग्रंथालये, मोठे दवाखाने आणि मुलांच्या शिक्षणाच्या सोयी पुढे करतो. इकडचा पक्ष मोकळे घर, स्वस्त भाजी, सराफ्यातील रात्रीची खाद्ययात्रा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची ये-जा सांगतो. निकाल काही लागत नाही, कारण प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचे माप हाती घेऊन बसलेला असतो.

आमचे आयुष्य शासकीय शाळांत शिकविण्यात गेले. गुणपत्रके तयार करणे हा आमच्या व्यवसायाचाच एक भाग असल्यामुळे मापाच्या प्रश्नाकडे आमचे लक्ष आधी जाते. वर्गाची सरासरी साठ गुण आली म्हणजे वर्गातील प्रत्येक मूल साठ गुणांचे असते, असे नव्हे. पहिल्या बाकावरच्या दोन हुशार मुलांवरून वर्ग जोखला तर शाळा उत्तम ठरते. शेवटच्या बाकावरून जोखला तर तीच शाळा निराळी दिसते. प्रदेशांची तुलना करतानाही हे भान ठेवले पाहिजे. आमच्या घरोघरी चालणाऱ्या वादात नेमके तेच सुटते, असे आम्हांस वाटते.

मोजावे कसे?

एखाद्या प्रदेशातील जीवन कितपत सुखाचे, हे केवळ दरडोई उत्पन्नावरून ठरवू नये, हा विचार फार जुना नाही. १९७९ साली मॉरिस डी. मॉरिस या अर्थशास्त्रज्ञाने जीवनमानाचा एक निर्देशांक मांडला. त्यात त्याने पैशाला स्थानच दिले नाही. साक्षरता, अर्भकांचे मृत्यू आणि एक वर्ष वयाच्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान, एवढ्या तीनच गोष्टी त्याने विचारात घेतल्या. पुढे १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आयुर्मान आणि शिक्षण यांच्या जोडीला उत्पन्न आले.

या संदर्भात एक गोष्ट माळवेकरांनी अवश्य ध्यानात ठेवावी. भारतातील राज्यांपैकी स्वतःचा मानव विकास अहवाल सर्वांत आधी काढला तो मध्यप्रदेशाने, १९९५ साली. आपले गुण कमी आहेत हे ठाऊक असताना गुणपत्रक जाहीरपणे भिंतीवर लावावयास धैर्य लागते. महाराष्ट्राचा असा अहवाल त्यानंतर, २००२ साली आला.

दोन शहरे

प्रथम ज्या दोन शहरांवरून वाद होतो त्यांच्याकडेच पाहू. स्वच्छतेत इंदूरने देशात नाव मिळविले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा इंदूर पहिले आले. शेवटच्या वेळी हा मान त्याने सुरतेबरोबर वाटून घेतला. पहाटे झाडलेले रस्ते आणि दारोदार फिरणाऱ्या कचरागाड्या पाहून पुण्याचा पाहुणा थक्क होतो. पुण्याचे रस्ते तेवढे लखलखीत नाहीत, हे पुणेकरही मान्य करील. परंतु पुण्याने या बाबतीत निराळेच एक काम केले आहे. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' तेथे १९९३ साली उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बाया या संस्थेच्या नोकर नसून सभासद आहेत. एका शहराने रस्ता चकचकीत केला, दुसऱ्याने रस्त्यावर राबणारीला ओळखपत्र आणि मान मिळवून दिला. या दोहोंत अधिक गुण कोणास द्यावेत, हे वाचकांनीच ठरवावे.

पाण्याची कथाही अशीच आहे. १९७० साली इंदूरकरांनी आंदोलन केले, आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून ते आणावे लागते. पुण्याला खडकवासल्याचे धरण जवळ. ते १८७९ पासूनचे. पाण्याच्या बाबतीत निसर्गाने पुण्याला झुकते माप दिले, इंदुराने ते श्रमाने मिळविले. तरीही २०२५ या एकाच वर्षात दोन्ही शहरांना पाण्याने दगा दिला. वर्षाच्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या नांदेड, किरकटवाडी या भागांत गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. वर्षाच्या अखेरीस इंदुरात भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. पुण्यात ही आपत्ती आली ती महापालिकेत नव्याने सामील झालेल्या गावांवर, आणि इंदुरात ती आली कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीवर. डेक्कन जिमखान्यावर किंवा साकेतनगरात राहणाऱ्यास ती वर्तमानपत्रातूनच कळली.

हवेचे काय? माळव्याच्या कोरड्या हवेची आणि थंड रात्रींची ख्याती जुनी आहे. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ साली देवासला आले ते या हवेसाठीच. ते बरे झाले आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत देवासचेच राहिले. माळवी लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवे वळण दिले. पण ज्या देवासच्या हवेने हा गायक वाचविला, त्याच देवासला १९९० साली आगगाडीने पाणी पुरवावे लागले. कूपनलिकांनी जमिनीचे पोट रिते झाले होते. पुढे २००६ पासून त्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांत हजारो तळी खोदली आणि पाण्याने पुन्हा वर तोंड काढले. तिकडे महाराष्ट्रात २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीनेच पाणी न्यावे लागले. तेव्हा पाण्याच्या गाडीचा टोमणा कोणी कोणास मारू नये हे बरे.

एकूण काय, पुणे आणि इंदूर यांच्यातील अंतर घरोघरच्या वादात सांगितले जाते तेवढे मोठे नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता शेकडा ८६ होती आणि इंदूर जिल्ह्याची ८१. ज्याच्या हाताशी शिक्षण आहे, नोकरी आहे, आजारात दवाखान्याची पायरी चढण्याची ऐपत आहे, त्याला या दोन शहरांतील निवड बरीचशी आवडीनिवडीची आहे. एकाला पोहे-जिलबी प्रिय, दुसऱ्याला मिसळ.

सरासरीचा हिशेब

राज्यांचे आकडे समोर ठेवले म्हणजे चित्र बदलते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता शेकडा ८२.३ आणि मध्यप्रदेशाची ६९.३ होती. स्त्रियांपुरते पाहिले तर महाराष्ट्रात ७५.९ आणि मध्यप्रदेशात ५९.२. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०२० साली महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६ पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. मध्यप्रदेशात ही संख्या ४३ होती, आणि केरळात अवघी ६. नीती आयोगाने २०१९–२१ च्या आरोग्य पाहणीच्या आधारे काढलेल्या हिशेबात बहुआयामी दारिद्र्यात असलेले लोक महाराष्ट्रात शेकडा ७.८ आणि मध्यप्रदेशात २०.६ आढळले. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, पाचच वर्षांपूर्वी मध्यप्रदेशाचा हा आकडा ३६.६ होता. घसरण चांगल्या दिशेची आहे, आणि वेगाचीही.

हे आकडे ऐकून तिकडचा पक्ष विजयाची मुद्रा करील. पण महाराष्ट्र म्हणजे तरी काय एकजिनसी प्रदेश आहे? मराठवाडा आणि विदर्भ मागे का पडले, हे शोधण्यासाठी त्या राज्यालाच १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमावी लागली, आणि तीस वर्षांनंतर विजय केळकर समितीला तेच काम पुन्हा करावे लागले. गडचिरोली आणि पुणे एकाच राज्यात आहेत हे नकाशा सांगतो. तेथले जगणे तसे सांगत नाही.

रेवेचे दोन तीर

म्हणून खरी तुलना करावयाची तर ती दोन्ही राज्यांच्या शेवटच्या बाकांची करावी, असे आम्ही सुचवितो. त्यासाठी देशात याहून योग्य जागा सापडणार नाही. सातपुडा आणि विंध्य यांच्यामधून वाहणारी नर्मदा काही अंतरापर्यंत या दोन राज्यांची सीमा होते. उत्तर तीरावर मध्यप्रदेशाचा अलीराजपूर जिल्हा, दक्षिण तीरावर महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा हे तालुके. दोन्हीकडे भिल्ल, भिलाला, पावरा अशी एकमेकांच्या नात्यातली माणसे. होळीपूर्वीच्या बाजाराला इकडे भगोरिया म्हणतात, तिकडे भोंगऱ्या. सरदार सरोवराचे पाणी चढले तेव्हा दोन्ही तीरांची शेते आणि घरे बुडाली. डोंगर तोच, नदी तीच, माणूसही तोच. बदलते ते केवळ राज्य. एखाद्या प्रयोगशाळेत मांडावा तसा हा प्रयोग इतिहासाने मांडून ठेवला आहे.

त्या प्रयोगाचा निष्कर्ष असा : २०११ साली अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता शेकडा ३६ होती. साऱ्या भारतात याहून कमी साक्षरतेचा जिल्हा नव्हता. नंदुरबारची साक्षरता ६४, आणि ती महाराष्ट्रात सर्वांत कमी. इंदूर आणि पुणे यांच्यात पाच गुणांचे अंतर, आणि नदीच्या दोन काठांवर अठ्ठावीस गुणांचे! दोन्ही राज्यांतील पहिल्या बाकांवरची मुले जवळजवळ बरोबरीची आहेत. दोन प्रदेशांतील खरा फरक शेवटच्या बाकावर दिसतो.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत आमची बदली या उत्तर तीराकडील एका गावी झाली होती. तेव्हा तो भाग झाबुआ जिल्ह्यात मोडत असे. अलीराजपूर जिल्हा २००८ साली झाला. दिवाळी उलटली की हजेरीपटावरील निम्म्याहून अधिक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडत, कारण कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जात. एकदा एक वृद्ध भिलाला गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन शाळेच्या ओसरीवर आले. मुलगी नदीपलीकडे दिलेली. हा तिचा मुलगा, आजोळी आलेला. त्याच्या पिशवीत तिसरीचे मराठी पाठ्यपुस्तक होते. आम्ही वाचावयास सांगितले तेव्हा त्याने अडखळत का होईना, पण पूर्ण पान वाचले. मध्यप्रदेशातील त्या दुर्गम गावी एका पावरा मुलाच्या तोंडून मराठी ऐकताना आम्हांस झालेला आनंद फार टिकला नाही. त्याच्याच वयाचा मामेभाऊ शेजारी उभा होता. आजोबा आपल्या बोलीत म्हणाले त्याचा भावार्थ असा, "माटसाब, पार दिलेल्या पोरीची पोरं वाचतात, माझ्या घरची ढोरं राखतात. आमच्या फळियात शाळाच नाही." आमची शाळा त्यांच्या फळियापासून दोन टेकड्या पलीकडे होती, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्या टेकड्या चढवत नव्हत्या.

हा फरक का पडला? कारणे अनेक आहेत, पण दोनतीन ठळक आहेत. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळेसाठी भांडणारा निवडून आलेला माणूस तालुक्याच्या गावी भेटू लागला. पाड्यापाड्यांतील मुलांसाठी निवासी आश्रमशाळा निघाल्या. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला; देशाने २००५ साली तशाच हमीचा कायदा केला. गावाजवळ काम मिळाले तर आईबाप गाव सोडत नाहीत, आणि आईबाप गावात राहिले तर मूल शाळेत राहते, इतका हा हिशेब सरळ आहे.

मध्यप्रदेशाने उशिरा का होईना, पण मोठी धाव घेतली. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर पंचायतींच्या निवडणुका सर्वांत आधी, १९९४ साली, घेतल्या त्या मध्यप्रदेशानेच. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षण हमी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि आदिवासी भागात पंचवीस मुले शिकणारी आहेत, अशी मागणी गावाने केली, की नव्वद दिवसांत शाळा देणे शासनास बंधनकारक झाले. गावातलाच थोडासा शिकलेला तरुण 'गुरुजी' म्हणून तेथे शिकवू लागला. त्या वृद्ध गृहस्थांच्या फळियातही अशी शाळा निघाली. कुडाच्या भिंती, वर कौले, आत एक फळा. १९९१ साली मध्यप्रदेशाच्या आजच्या सीमांतील साक्षरता शेकडा ४५ च्या आत होती, ती २००१ साली ६४ च्या घरात गेली. एका दशकातील ही झेप अशा कुडाच्या शाळांची आहे.

नंदुरबारचे आकडे बरे आहेत म्हणून तेथे सारे आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. कुपोषणाच्या बातम्या तेथून वर्षानुवर्षे येतात. ऊसतोडीसाठी तेथलीही माणसे गुजरातेत जातात. अलीराजपूर-झाबुआकडील कितीतरी मजूर गोध्राकडच्या गारगोटीच्या भट्ट्यांवर आणि चक्क्यांवर काम करून छातीत दगडाची भुकटी घेऊन परतले आणि खोकत खोकत गेले. तेव्हा एका तीरावरच्या माणसाने दुसऱ्या तीराकडे पाहून धन्य व्हावे, एवढे सुख कोणत्याच काठावर नाही.

उलटे पडणारे एक माप

आणि आता असे एक माप, जे साऱ्या क्रमालाच उलटे करते. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. २०११ साली पुणे जिल्ह्यात हे प्रमाण ८८३ होते, इंदूर जिल्ह्यात ९०१, आणि निरक्षर म्हणून ज्याची देशभर नोंद झाली त्या अलीराजपुरात ९७८! राज्यांचे पाहिले तरी महाराष्ट्राचे ८९४ आणि मध्यप्रदेशाचे ९१८. शिकलेल्या, सुखवस्तू, दवाखान्यांनी समृद्ध अशा प्रदेशात मुलीला जन्मच नाकारला गेला, आणि ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिने मुलगी वाढविली. जीवनाची प्रत मोजताना जन्माला येण्याचा हक्क मोजावयाचा की नाही? मोजावयाचा असेल, तर आमच्या दोन्ही पक्षांनी आवाज थोडा खाली आणून बोलावे.

मराठी घराने काय पाहावे?

मग पुण्यास जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाला काय सांगावे? आमच्या मते, अवश्य जावे. पण 'तिकडे सारेच चांगले' या समजुतीने जाऊ नये. उतारवयात मुलासुनेजवळ राहण्याचे सुख मोठे असते, तसेच चाळीस वर्षांच्या शेजाराचेही असते. पुण्यातील दहाव्या मजल्यावर दिवसभर एकटे बसणारे आजोबा आणि इंदुरातील जुन्या वाड्यात मुलाच्या दूरध्वनीची वाट पाहणाऱ्या आजी, यांपैकी कोण अधिक सुखी, हे कोणत्याही निर्देशांकात सापडावयाचे नाही. मराठी वाचावयास मिळेल की नाही, अशी धास्तीही फारशी बाळगण्याचे कारण नाही. याच इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलन भरविले आहे. मात्र घरातील नातवंडे मराठी बोलतात की नाही, हा प्रश्न इंदुरात जितका खरा आहे तितकाच आता पुण्यातही आहे.

निवड कोणतीही करा. परंतु तुलना करावयास बसलात, की तीन प्रश्न विचारा. येथे सर्वांत गरीब वस्तीच्या नळाला कसले पाणी येते? येथे सर्वांत दूरच्या फळियातील मूल पहिला वाढदिवस पाहते का आणि पुढे शाळेपर्यंत पोहोचते का? येथे मुलगी जन्माला येऊ दिली जाते का? चांगल्या नाटकाचा प्रयोग आणि चांगली कचोरी ही सुखे आहेतच, ती कोणी कमी लेखू नयेत; पण ती या तीन उत्तरांनंतरची आहेत.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली. आता ती २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा इंदूर पुढे की पुणे पुढे, याची चर्चा आपल्या मंडळांतून आणि दिवाणखान्यांतून खूप होईल. वाचकांस आमची एवढीच विनंती, की त्या दिवशी पान उलटून आधी अलीराजपूर आणि नंदुरबार हे दोन आकडे काढावेत. नदीच्या दोन काठांमधले ते अठ्ठावीस गुणांचे अंतर किती मिटले, आणि उत्तर तीर वर येऊन मिटले की नाही, हे पाहावे. माळवा आणि महाराष्ट्र यांच्या सुखाचा हिशेब तेथून सुरू होतो.